रिकाम्या कबरीच्या दारी

जेरुसलेममधले ख्रिस्ताच्या कबरीचे चर्च दुरून दिसत नाही. तीर्थक्षेत्र म्हटले की आपल्या मनात एक चित्र पक्के बसलेले असते: लांबूनच कळस दिसावा, हात आपोआप जोडले जावेत, मग पायऱ्या लागाव्यात, मग महाद्वार. इथे तसला प्रकार नाही. जुन्या शहराच्या तटाआत मसाले, चामड्याच्या पिशव्या, जपमाळा आणि डाळिंबाचा रस विकणाऱ्या दुकानांच्या दाटीतून, तुळशीबागेची आठवण यावी अशा बोळांतून आपण चाललेले असतो. एका ठेंगण्या दारातून वाकून पलीकडे जावे, तो समोर लहानसे फरसबंद अंगण आणि अंगणापलीकडे जोडीने उभ्या दोन कमानी. त्यांतली उजवीकडची कित्येक शतकांपूर्वी चिणून टाकलेली. डावी तेवढी उघडी. जगातल्या बहुसंख्य ख्रिस्ती माणसांचे सर्वांत पवित्र स्थान ते हेच, हे कुणी सांगितले नाही तर कळायचे नाही.

आत सहा पंथांचा संसार आहे. ग्रीक, रोमन कॅथलिक आणि अर्मेनियन हे थोरले भाऊ. कॉप्टिक, इथियोपियन आणि सिरियन हे धाकटे. कुणी कुठे झाडायचे, कुठला दिवा कुणी लावायचा, कोणाची मिरवणूक कितीला निघायची, हे सारे ठरलेले. १८५२ साली तुर्की सुलतानाने, जे जसे आहे ते तसेच राहील, असे फर्मान काढले. तेव्हापासून तर खिळासुद्धा हलत नाही. दारावरच्या सज्जात, खिडकीखाली, एक लाकडी शिडी टेकवून ठेवलेली आहे. अठराव्या शतकातल्या चित्रांतही ती दिसते. ती कुणी काढायची यावर एकमत होत नाही, म्हणून ती आहे. इथियोपियन साधू तर छपरावरच्या खोपटांत राहतात. आणि दाराची किल्ली? ती एका मुसलमान घराण्याकडे, आणि ती लावून दार उघडण्याचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या. सामाईक वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. भाऊबंदांनी किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी, हे शहाणपणच म्हणायचे.

मी इथे आलो तो २०१९च्या मे महिन्यात, वसईच्या एका यात्रेकरू मंडळाबरोबर. चाळीसएक माणसे, त्यांत एक फादर, लाल लुगड्यांतल्या पाचसहा म्हाताऱ्या, आणि हिंदू असा मी एकटा. माझे येणे घडले ते आमच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या सरांमुळे. शिक्षकांच्या खोलीत तोवर चौदा वर्षे आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. माझ्याहून दहा वर्षांनी वडील, वसईतल्या जुन्या कॅथलिक घरातले, बोलणे कमी आणि मोजून मापून. या यात्रेसाठी दोन नावे वहिनींनी घातली होती. आगाऊ पैसेही त्यांनीच भरले होते. आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात महिनाभराच्या आजाराने त्या गेल्या. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक दिवस सर मला म्हणाले, "तुम्ही चला. तिची जागा रिकामी जायला नको."

अम्मानहून जॉर्डन नदीच्या पुलाकडे बस निघाली, तेव्हा त्यांनी खरे कारण सांगितले. "अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवतोय, साधन कशाला म्हणायचं, अस्सल कागद कोणता, बनावट कोणता. आणि दर रविवारी देवळात उभा राहून म्हणतोय की मेलेली माणसं उठणार आहेत. या दोन गोष्टी आजवर एकमेकींच्या वाटेत आल्या नव्हत्या. आता आल्यात. इतिहासाचा मास्तर म्हणून कुठवर चालत जाता येतं, ते मला बघायचंय."

इथे मराठी वाचकाशी थोडे बोलून घ्यायला हवे. पुनरुत्थान हा शब्द आपल्याला ठाऊक असतो, पण आपण तो नकळत पुनर्जन्माच्या खणात ठेवून देतो. आत्मा अमर असल्याचे आपल्याला कधी नवल वाटलेले नाही. देह हे जुने वस्त्र, ते टाकायचेच. टाकलेले वस्त्र पुन्हा अंगावर चढवणारा माणूस आपल्याला वेडा वाटेल. येशूच्या काळच्या यहुद्यांतल्या परूशी मंडळींचा विचार नेमका उलटा होता. देह देवाने घडवला, तेव्हा शेवटच्या दिवशी देव उठवील तो देहासकट सगळा माणूस. सदूकी मंडळींना हे मान्य नव्हते, आणि त्यावरून दोघांत वाद होता. तेव्हा मेलेली माणसे सहज उठतात असे मानणाऱ्या भोळ्या काळातली ही गोष्ट, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही. त्या काळीही लोक हसतच होते. पौल अथेन्समध्ये बोलायला उभा राहिला, तेव्हा याच मुद्द्यावर काही श्रोत्यांनी त्याची टर उडवली, हे बायबलानेच नोंदून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तुकोबा खरेच सदेह वैकुंठाला गेले का, हा प्रश्न दरवर्षी वर्गात एखादा मुलगा विचारतोच. मी त्याला सांगतो, तुझे उत्तर काहीही असो, गाथेतला एकही अभंग त्याने हलका होत नाही. ख्रिस्ती धर्माला मात्र ही सोय नाही. इ.स. ५४च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला जे पत्र लिहिले, त्यात त्याने हातचे काही राखलेच नाही: ख्रिस्त उठला नसेल, तर आपले सारे बोलणे फुकट गेले आणि आपण कीव करण्याजोगी माणसे आहोत, असा त्याचा आशय आहे. एका शहरात, एका रोमन सुभेदाराच्या अमदानीत, एका वल्हांडण सणाच्या सुमारास घडलेल्या गोष्टीवर अख्खा धर्म उभा केला, की पुराव्याला घरी बोलावल्यासारखेच झाले. आणि बोलावलेला पाहुणा आपल्याला हवे तेच बोलेल, असे थोडेच असते!

चर्चच्या मोठ्या घुमटाखाली मधोमध एक लहानशी दगडी वास्तू आहे. घरातले देवघर जसे असावे तशी. कबर तिच्या पोटात. १८०८च्या आगीनंतर, १८१० साली, ग्रीकांनी ती नव्याने बांधली. पुढे भिंती फुगू लागल्या म्हणून १९४७ साली इंग्रजांनी तिच्याभोवती लोखंडी तुळयांचा पिंजरा घातला, तो सत्तर वर्षे राहिला. २०१७च्या मार्चमध्ये दुरुस्ती पुरी होऊन पिंजरा निघाला, त्यामुळे आम्ही पाहिली ती कबर धुऊन पुसून नुकतीच मोकळी झालेली होती. रांग दीड तासाची. आत दोन खोल्या. पहिलीत एका चौरंगावर काचेखाली दगडाचा तुकडा. कबरीच्या तोंडावरून लोटलेल्या धोंड्याचा तो, असे सांगतात. दुसरीचे दार इतके ठेंगणे की राजाला काय आणि रंकाला काय, वाकावेच लागते. जेमतेम चार माणसे मावतील एवढी जागा. उजव्या हाताला संगमरवरी फरशीने झाकलेला ओटा. वर टांगलेले दिवे. दाराशी एक ग्रीक साधू आपल्याकडच्या बडव्यांच्या तडफेने 'चला, चला' करीत असतो.

माझ्यापुढच्या मावशींनी फरशीला ओठ लावले, मग कनवटीच्या पिशवीतून नातवंडांचे सहासात क्रूस काढून एकेक त्या फरशीवर टेकवला. साधूने कितीही घाई केली तरी त्यांनी एकही क्रूस गाळला नाही. सर गुडघे टेकून नुसते बसले. त्यांनी फरशीला हात लावला नाही.

त्या फरशीखाली काय आहे, हे कित्येक पिढ्यांत कुणी पाहिलेले नव्हते. अथेन्सच्या राष्ट्रीय तंत्रविद्यापीठाच्या आंतोनिया मोरोपुलू यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती चालली होती. त्यांच्या माणसांनी २६ ऑक्टोबर २०१६ रोजी ती फरशी सरकवली. मुदत साठ तासांची. खाली आधी भराव निघाला. भराव उपसल्यावर आणखी एक फरशी, करड्या संगमरवराची, तडकलेली, वर क्रूस कोरलेला. आणि तिच्याही खाली साधा चुनखडीचा ओटा, मूळ खडकातच कोरून काढलेला. १००९ साली खलिफा अल-हाकिमच्या हुकमाने हे चर्च पाडले, तेव्हा कबरीचा खडकही फोडून काढला होता; तरी एवढे उरले होते. करड्या फरशीखालच्या चुन्याची परीक्षा झाली. चुन्यातल्या वाळूच्या कणांना शेवटचा उजेड कधी लागला, हे आता मोजता येते. उत्तर आले, इ.स. ३४५च्या आसपास.

तेव्हा सिद्ध काय झाले? कॉन्स्टंटाइन बादशहाच्या माणसांनी ३२६च्या सुमारास ज्या गुहेला ख्रिस्ताची कबर मानले, तिच्याच ओट्यापुढे लोक आजही गुडघे टेकतात, एवढे. सोळासतराशे वर्षांची साखळी पक्की. त्यामागची तीनशे वर्षे मोकळी. बाहेर आल्यावर सर एका खांबाला टेकले आणि म्हणाले, "पावती चौथ्या शतकाची आहे. व्यवहार पहिल्या शतकातला."

या मोकळ्या तीनशे वर्षांची हकिकत फार सुरस आहे. इ.स. १३५च्या सुमारास यहुद्यांचे बंड मोडून काढल्यावर हेड्रियन बादशहाने जेरुसलेमच्या जागी रोमन नगर वसवले, आणि या ठिकाणी भराव टाकून वर व्हीनसचे देऊळ बांधले. कॉन्स्टंटाइनने ते पाडवले, भराव उपसवला, तो खाली गुहा लागली. त्याच काळातला बिशप युसेबियस हे लिहितो, आणि गुहा सापडली याचे त्याला स्वतःलाच वाटलेले आश्चर्य त्याच्या लिहिण्यात लपत नाही. राजमाता हेलेनाला इथे खरा क्रूस सापडला, ही जी गोष्ट पुढे जगभर झाली, तिचा या हकिकतीत त्याने उल्लेखही केलेला नाही. सर म्हणाले, "न लिहिलेलं हेही साधनच असतं."

पण या जागेविरुद्ध एक मोठा आक्षेप होता. यहुदी मृतांना गावाबाहेर ठेवीत, आणि ही कबर तर जुन्या शहराच्या ऐन मध्यात. एकोणिसाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट प्रवाशांना ते खटके. शिवाय आतला धूर, दिवे आणि साधूंची भांडणेही खटकत असणार. पुढे खार्टूमला मारला गेला तो इंग्रज सेनापती गॉर्डन १८८३ साली इथे होता. तटाबाहेर, दमास्कस वेशीच्या उत्तरेला, कवटीसारखी दिसणारी एक टेकडी त्याला आढळली. जवळच खडकात कोरलेली एक कबरही होती. आज तिला बागेतली कबर म्हणतात. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे गेलो. फुलझाडे, बाके, पाखरे, कुणी हाकलणारे नाही. आमच्या मंडळीला ती एकदम पसंत पडली. "देवाला शोभेल अशी जागा ही," मावशी म्हणाल्या. मलाही ती शोभण्यासारखी वाटली. अडचण एवढीच, की गॅब्रिएल बारकाय या पुरातत्त्वज्ञाने १९७४ साली तिचा अभ्यास केला आणि ती येशूच्या आधी सातआठशे वर्षांची ठरवली. शुभवर्तमानात तर कबर नवी कोरी असल्याचे सांगितले आहे. तिथला स्वयंसेवक आजोबाही नम्रपणे म्हणाला की, जागा हीच असा आमचा हट्ट नाही.

आणि गर्दीतल्या, धुरकटलेल्या जागेचे काय झाले? १९६०नंतरच्या दशकात कॅथलीन केन्यन या बाईंनी चर्चच्या दक्षिणेला खणले. तिथे जुनी दगडाची खाण निघाली, आणि येशूच्या काळी त्या भागात वस्तीच नव्हती असे दिसले. शहराचा तट या बाजूला पुढे सरकला तो हेरोद अग्रिप्पाच्या वेळी, इ.स. ४१ ते ४४च्या दरम्यान. येशूला क्रुसावर दिले ते ३० किंवा ३३ साली. तेव्हा ही जागा गावाबाहेरच होती! चौथ्या शतकात कुणाला कबर नव्याने कल्पायची असती, तर त्याने तटाबाहेरची एखादी सोयीची गुहा दाखवली असती. भर वस्तीतले देऊळ पाडून त्याच्याखाली खणा, असे सांगणाऱ्यांपाशी काहीतरी जुनी आठवण असली पाहिजे. हा पुरावा मला सगळ्यांत आवडला, तो गैरसोयीचा आहे म्हणून.

त्या आठवणीला आणखी एक टेकू आहे, आणि तो बहुतेक यात्रेकरू न पाहताच परत जातात. कबरीच्या मागच्या बाजूला, कॉप्टिक देवडीच्या समोर, सिरियन पंथाचे एक काळवंडलेले, पडझडीला आलेले दालन आहे. त्याच्या भिंतीतल्या भोकातून आत वाकले की खडकात कोरलेली लांबट बिळे दिसतात, एकेका देहाच्या मापाची. या येशूच्या काळच्या धर्तीच्या कबरी. अरिमथाईच्या योसेफाचे नाव त्यांना चिकटले आहे. ते खरे असो नसो, हे स्मशान होते याला त्यांच्याइतका साधा साक्षीदार नाही. तिथे रांग नव्हती. दिवाही नव्हता, आम्ही मोबाइलच्या उजेडात पाहत होतो. सर खाली बसले आणि त्यांनी एका बिळात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ तो तसाच होता. उठताना म्हणाले, "वसईला तिला ठेवली, ती जागा एवढीच आहे."

मी काही बोललो नाही. पलीकडे अर्मेनियनांची मिरवणूक निघाली होती आणि धूपाचा वास येत होता.

बसमध्ये मात्र सर वर्गात असल्यासारखे बोलत. उत्तर जेरुसलेममध्ये १९६८ साली अस्थींची एक दगडी पेटी निघाली, तीत टाचेचे हाड होते आणि हाडात आरपार लोखंडी खिळा. पेटीवर नाव योहानान. जवळपास विशीपंचविशीतला, येशूच्याच शतकातला, क्रुसावर मारलेला तरुण. खिळ्याचे टोक वाकल्यामुळे तो निघाला नाही, म्हणून आपल्याला कळले. क्रुसावर मारलेल्यांची प्रेते कुत्र्यागिधाडांनाच मिळत, त्यांना कबर कुठली, असे म्हणणारे अभ्यासक आहेत. त्यांना हे हाड एक उत्तर देते. "पण हजारो मेले आणि हाड असं एकच मिळालं," सर लगेच म्हणाले. "वकील दोन्ही बाजूंनी हेच दाखवील."

दुसरी गोष्ट त्यांनी अधिक खुलून सांगितली. पॅरिसमध्ये एक संगमरवरी पाटी आहे, ग्रीक भाषेतली. कबर उकरून प्रेत हलवणाऱ्याला देहदंड, असा कैसराचा हुकूम तिच्यावर कोरला आहे. १८७८ साली ती एका संग्राहकाकडे आली, सोबत नोंद होती की नाझरेथहून आली. १९३० साली ती छापली गेली, आणि खळबळ उडाली. नाझरेथ म्हणजे येशूचे गाव! शिष्यांनी प्रेत चोरले अशी अफवा मत्तयच्या शुभवर्तमानातच दिलेली. ती रोमपर्यंत पोहोचली, म्हणून कैसराने हा हुकूम काढला, अशी मांडणी कित्येकांनी केली. सरांना तेव्हाही ती नोंद संशयास्पद वाटे. परतल्यावर वर्षाच्या आत, २०२० साली, त्या संगमरवराची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. दगड निघाला एजियन समुद्रातल्या कोस बेटावरचा. येशूच्या जन्माआधी तिथे निकियास नावाचा एक जुलमी सत्ताधीश होऊन गेला, त्याची कबर लोकांनी उकरली होती. हुकूम बहुधा त्यावरून निघालेला. सरांनी मला मुद्दाम फोन केला. आवाजात समाधान होते. आपल्याच बाजूचा एक साक्षीदार खोटा ठरला, याचे इतके समाधान मी दुसऱ्या कुणाला झालेले पाहिलेले नाही.

मुक्काम बेथलेहेमला होता. रात्री जेवणानंतर गच्चीवर आम्ही फादर दिब्रिटोंचे 'सुबोध बायबल' घेऊन बसत असू. हा माझा प्रांत. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून मराठीच्या मास्तराला पाठभेदांचे वेड आहे, आणि इथे तर चार लेखक एकाच पहाटेचे वर्णन करतात, ते चार तऱ्हांनी. कबरीवर कोण गेले? मत्तय दोन स्त्रिया सांगतो, मार्क तीन, लूक आणखी काही, आणि योहानात मरिया मग्दालिया एकटीच दिसते. तिथे कोण भेटले? एकात देवदूत, एकात तरुण, एकात दोन पुरुष. योहानातली मरिया तर उठलेल्या येशूला ओळखतच नाही. तिला वाटते, हा बागेचा माळी. आणि मार्कचा शेवट सर्वांत विलक्षण. चौथ्या शतकातल्या ज्या दोन सर्वांत जुन्या संपूर्ण प्रती आहेत, सिनाईची आणि व्हॅटिकनची, त्यांत तो असा संपतो की, त्या बायका थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत. बस्स! पुढची बारा वचने नंतर कुणीतरी जोडलेली. ज्याने जोडली त्याची अस्वस्थता मला समजते; असल्या जागी नक्कलनविसाचा हात शिवशिवतोच.

"हे साक्षीदार पढवलेले नाहीत, एवढं नक्की," मी म्हणालो. "पढवलेले असते तर बायका पहिल्या आल्या नसत्या." त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, आणि दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने, ही सारी एका भ्रमिष्ट बाईची कहाणी, अशी खिल्ली उडवलीच. पौलाच्या पत्रात साक्षीदारांची यादी आहे: पेत्र, बारा जण, पाचशेहून अधिक बांधव, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी तो स्वतः. ही यादी आपल्याकडे आली तशी पुढे देतो, असे तो म्हणतो. क्रुसानंतर थोड्याच वर्षांत ती तयार झाली असावी, हे नास्तिक अभ्यासकही मान्य करतात. त्या पाचशेंपैकी बहुतेक हयात आहेत, असे सांगायलाही तो विसरत नाही. म्हणजे जा, विचारा! पण त्या यादीत त्या बायका नाहीत. यादीतून ज्या गळल्या, त्या चारही गोष्टींत मात्र पहिल्या राहिल्या.

"न पढवलेला साक्षीदार खरंच बोलतो, असं कुठाय?" सर म्हणाले. "तो चुकतोही." डेव्हिड ह्यूमने १७४८ सालीच विचारले होते की, मेलेला माणूस उठला हे अधिक नवलाचे, की सांगणारे फसले हे? मी बाहेरचा माणूस. मला विचाराल तर तराजू ह्यूमच्या बाजूला झुकतो. पण त्याने एका गोष्टीचा उलगडा होत नाही. पळून गेलेली, दारे लावून बसलेली ही माणसे थोड्याच दिवसांत त्याच शहरात, ज्यांनी मारले त्यांच्यासमोर उभी राहून बोलू लागली. त्यांनी काहीतरी पाहिले असे त्यांना वाटत होते, यावर मी तरी शंका घेणार नाही. काय पाहिले, हे सांगायला माझ्याकडचे शब्द अपुरे आहेत.

मग सरांनी पिंखास लापिडे या माणसाची गोष्ट काढली. कर्मठ यहुदी विद्वान, काही काळ इस्रायलचा राजनैतिक अधिकारी. १९७७ साली त्याने जर्मनमध्ये पुस्तक लिहिले आणि त्यात मांडले की, येशूचे पुनरुत्थान ही खरोखर घडलेली गोष्ट आहे असे पुराव्यांवरून मला वाटते. पण येशू हा यहुद्यांचा मसीहा, हे त्याने मानले नाही, आणि तो ख्रिस्तीही झाला नाही.

"बघा," सर म्हणाले, "जो पुरावा शोधत मी इथवर आलो, तो या माणसाला पटला. आणि पटल्यावर तो आपल्या सिनेगॉगमध्ये परत गेला. मग मला तरी उद्या कुणी तो रविवार सिद्ध करून दिला, म्हणून ती मला भेटेल हे कशावरून?"

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू करत होते. ती सुरू होईपर्यंत आम्ही थांबलो.

"मग तुम्ही मानता की नाही?" मी विचारले.

"मानतो. सिद्ध झालंय म्हणून नाही. पण उद्या तो ओटा भरलेला निघाला असता, त्याचीच हाडं म्हणून खात्रीनं सापडली असती, तर रविवारी उभा राहून मी ते म्हटलं नसतं. तेवढं मी मुलांना शिकवलंय." थोडे थांबून म्हणाले, "तिला हे आवडलं नसतं. ती म्हणायची, तुम्ही देवाकडेही पावती मागाल."

निघायच्या दिवशी पहाटे मंडळाला कबरीत मिस्साची वेळ मिळाली होती. फादर आणि दोघेतिघे आत मावले. बाकी सारे पहिल्या खोलीत आणि बाहेर उभे. मंडळी दबक्या आवाजात पुनरुत्थानाचे मराठी गीत गात होती. १६१६ साली फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले, तेव्हापासून ही गोष्ट ओवीला परकी नाही, आणि त्या पहाटे मराठी त्या घुमटाखाली मुळीच उपरी वाटली नाही. मागच्या बाजूने कॉप्टिक पाद्र्याचे मंत्र सुरू झाले, वरून कुठूनतरी ग्रीकांची घंटा. कुणी कुणासाठी थांबले नाही. मिस्सा झाल्यावर सर आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात वहिनींची जपमाळ होती. ती त्यांनी फरशीला लावली की नाही, मी विचारले नाही. मावशींनी मात्र विचारले, आणि सर त्यांना काहीतरी हळू आवाजात म्हणाले. मावशींनी मान डोलावली.

त्यानंतर २०२२ साली चर्चची फरसबंदी दुरुस्तीला काढली, आणि रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या लोकांनी खाली उत्खनन सुरू केले. ऑक्टोबर २०२३मध्ये युद्ध पेटले, पुष्कळांच्या यात्रा रद्द झाल्या. खणणाऱ्यांच्या बातम्या मात्र अधूनमधून येत राहिल्या. २०२५ सालच्या सुरुवातीच्या महिन्यांत बातमी आली की, जमिनीखालच्या मातीत ऑलिव्हच्या आणि द्राक्षवेलीच्या खुणा मिळाल्या आहेत. म्हणजे खाण बंद पडल्यावर तिथे लागवड झाली होती. त्या खुणांचे नेमके वय ठरवायचे काम तेव्हा बाकी होते. क्रुसाच्या जागी बाग होती आणि बागेत कबर, असे चौघांत योहान तेवढा सांगतो. मी ती बातमी सरांना पाठवली. ते आता निवृत्त होऊन वसईला वाडी बघतात. संध्याकाळी उत्तर आले: "बाग होती, हे बरं झालं. माळी कोण, ते राहिलंच." आणि खाली, विहिरीवरचा पंप पुन्हा बिघडलाय, तेव्हा या रविवारी येऊ नका, पुढच्या रविवारी या, असे लिहिले होते.